कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि अंगातला जोरच गेला? बंद करायच्या आधी हे करून पाहा

मागच्या एप्रिलची गोष्ट. गच्चीवर कुरडया घालायला बसले होते, सोऱ्या हातात, चीक गरम, दोन ओळी झाल्या आणि पातेलं जवळ घ्यायला उठायला गेले तर उठताच येईना. दुखत काही नव्हतं, चक्कर नव्हती, नुसत्या मांड्या जड, जशा माझ्या नाहीतच. शेवटी भिंतीला हात लावून उठले. सून म्हणाली आई ऊन लागलं असेल, आणि नागपूरचं एप्रिल म्हणजे सकाळी आठलाच गच्चीवर पाय भाजतात त्यामुळे मलाही तेच पटलं. पण पुढचे पंधरा दिवस तेच, जिन्यात मधल्या वळणावर थांबावं लागायचं, दुपारी जेवण झालं की डोळे मिटायचे, अंबाझरीचा फिरायचा राउंड अर्ध्यातून सोडून परत. मग एकदा गोळ्यांचा डबा भरताना लक्षात आलं, अरे, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० सुरू होऊन पाच आठवडे झाले.

हे लिहून राहिले कारण आमच्या बिल्डिंगमध्येच मी दोन्ही प्रकारचे लोक पाहते. एक, ज्यांना थकवा आला की ते कोणाला न सांगता गोळी बंद करतात आणि डॉक्टरसमोर "हो हो, रोज घेतो" म्हणतात. दुसरे, बहुतेक बायका, ज्या वर्षभर पाय ओढत कामं करतात पण तोंडातून शब्द काढत नाहीत, वयच झालं म्हणतात. दोन्हीत नुकसान आपलंच आहे. थकवा गोळीचा आहे की नाही हे शोधून काढता येतं, त्याला थोडा धीर आणि एक वही लागते, आणि गोळीचा निघाला तरी त्यावर रस्ते आहेत. मी डॉक्टर नाही, पण वर्षभरात स्वतःचं आणि घरातल्यांचं निस्तरताना जे कळलं, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतलं, ते सांगते.

आधी गोळी करते काय ते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी स्टॅटिन येतं त्या सगळ्या लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम दाबतात. लिव्हरला कोलेस्टेरॉल कमी पडलं की ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा खाली येतो. अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञांना १९७० च्या दशकात बुरशीत असा पहिला पदार्थ सापडला, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला, लोव्हास्टॅटिनला, परवानगी मिळाली. म्हणजे औषध नवं नाही, करोडो लोकांनी घेतलेलं आहे. आता थकव्याचा संबंध कुठे येतो, तर शरीरात ज्या वाटेनं कोलेस्टेरॉल बनतं त्याच वाटेवर कोएन्झाइम क्यू टेन नावाचा पदार्थही बनतो, जो पेशींना ऊर्जा तयार करायला लागतो. एकाच कॅनॉलवरून दोन शेतांना पाणी जात असेल आणि वरचं गेट थोडं लावलं तर दोन्हीकडे पाणी कमी होणार, तसं. रक्तातलं क्यू टेन स्टॅटिननं कमी होतं हे मोजलेलं आहे, पण थकवा त्यामुळेच येतो असं पक्कं ठरलेलं नाही, म्हणून मेडिकल स्टोअरमध्ये क्यू टेनच्या महागड्या कॅप्सूल बघून लगेच पैसे टाकू नका, त्यांनी फायदा होतो की नाही याबद्दल अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. डॉक्टर म्हणाले तर घ्या.

मग थकवा खरा की मनाचा? इथे मी थोडी सावकाश लिहिते कारण याच जागी घरोघरी भांडणं होतात. २०१२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, १०१६ लोकांना सहा महिने कोणाला सिम्व्हास्टॅटिन, कोणाला प्रॅव्हास्टॅटिन, कोणाला साधी बिनऔषधाची गोळी दिली आणि कोण काय घेतंय ते कोणालाच सांगितलं नाही. स्टॅटिनवाल्यांमध्ये एनर्जी कमी झाल्याची आणि काम केल्यावर दमल्याची तक्रार जास्त निघाली, आणि बायकांमध्ये ते जास्त दिसलं. म्हणजे "सगळं मनाचं आहे" असं कोणी म्हटलं तर ते बरोबर नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. २०२० मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी ६० माणसं घेतली, सगळी अशी की ज्यांनी त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडली होती. त्यांना वर्षभर महिन्याला एक बाटली, चार महिने स्टॅटिन, चार महिने नकली गोळी, चार महिने रिकामी बाटली, आणि रोज त्रासाचे मार्क लिहायचे. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यातला जवळजवळ ९० टक्के नकली गोळीच्या महिन्यांतही झाला! आणि हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. लक्षात घ्या, त्रास खोटा नव्हता, पाय खरंच दुखत होते, फक्त कारण औषध नव्हतं तर "आता मला त्रास होणार" ही धास्ती होती, किंवा आधीपासूनचं काहीतरी. म्हणून माझं म्हणणं एवढंच की अंदाजावर जाऊ नका, ना आपल्या, ना शेजारच्या काकूंच्या.

वहीच्या आधी एक महत्त्वाचं. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू खूप दुखताहेत, हात वर होत नाहीत असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, वाट पाहायची नाही, आमच्या नागपुरात मेडिकल-मेयोसारखं सरकारी हॉस्पिटल नाहीतर धंतोली, रामदासपेठेतलं खाजगी, जे जवळ असेल ते. हे फार क्वचित होतं, दहा हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पण स्नायू तुटून किडनीवर येऊ शकतं. डोळे पिवळे दिसले तरी तसंच. आणि थकव्यासोबत थोडं चाललं तरी दम लागतो, छातीत दाटतं, घाम सुटतो, जबडा नाहीतर डावा हात भरून येतो, असं असेल तर गोळीला दोष देत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं, लगेच ईसीजी. बायकांमध्ये हार्टचा त्रास कधीकधी नुसत्या थकव्यासारखाच येतो म्हणून हे मी मुद्दाम लिहिते.

दुसरं, स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून, नाहीतर नातवाला मोबाईलवर फोटो मोठा करून वाचायला सांगा. आपल्याकडे एकाच कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधं मिळून येतात. आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन आठ महिने झाले होते, तेव्हा हे पण "अंगात काही राहिलंच नाही" म्हणून ती लाल कॅप्सूल सोडायला निघाले होते, कोलेस्टेरॉलचीच तर आहे म्हणे. मी मागचं वाचलं तर त्यात रोसुव्हास्टॅटिनसोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल! म्हणजे रक्त पातळ ठेवणारी औषधं, जी स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नसेतली जाळी, बसवल्यावर मनानं बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकतं. अंगावर काटा आला माझ्या. त्यामुळे "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणून जी आहे तिच्यात नक्की काय काय आहे ते आधी माहीत करून घ्या. काहींत फेनोफायब्रेट पण असतं, त्याच्यासोबत स्टॅटिन असली की स्नायूंचा त्रास थोडा जास्त संभवतो.

आता वही. नातवाची अर्धी उरलेली शंभरपानी घेतली मी आणि दोरीनं पेन बांधून फ्रिजच्या बाजूला लटकवली, कारण कपाटात ठेवली की लिहिणं होत नाही. रोज रात्री फक्त चार गोष्टी: आज एनर्जीला दहापैकी किती, झोप किती तास, किती चालले, आणि अंग कुठे जड वाटलं. जड कुठे हे नीट लिहा कारण त्यातून बरंच कळतं. स्टॅटिनचा त्रास असला तर बहुतेक दोन्ही बाजूंना सारखा असतो, दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या, दोन्ही खांदे, आणि गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येतो. एकच गुडघा दुखतो, किंवा कमरेतून एका पायात कळ जाते, किंवा हे सगळं तीन वर्षांपासून आहे, तर गोळीकडे बोट दाखवता येत नाही. त्याशिवाय मी दर रविवारी एक परीक्षा घ्यायची स्वतःची: जेवायच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात छातीशी धरून पाच वेळा उठायचं बसायचं आणि किती सेकंद लागले ते लिहायचं. सून मोबाईलवर टायमर लावायची. पहिल्या रविवारी मला २१ सेकंद लागले आणि चौथ्या वेळी मी टेबल धरलं. हा आकडा नंतर फार कामी आला, कारण डॉक्टरसमोर "थकवा वाटतो हो" म्हणण्यापेक्षा "२१ सेकंद लागतात आणि टेबल धरावं लागतं" म्हटलं की ते पेन खाली ठेवून ऐकतात.

वही दोन-तीन आठवड्यांची झाली की डॉक्टरकडे जा, आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, बीपीच्या, शुगरच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक, कोणी दिलेलं चूर्ण, सगळं. हसू येईल कोणाला तर येऊ द्या. आमच्या ह्यांचं पिशवीतूनच सापडलं. शुगरसाठी मेटफॉर्मिन नऊ वर्षांपासून चालू, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आम्ही वरून शाकाहारी, टेस्ट केली तर खूपच कमी निघालं. शिवाय हृदयाचे ठोके कमी करणारी मेटोप्रोलोल, ती स्वतःच थकवा आणू शकते. डॉक्टरांनी बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, मेटोप्रोलोलचा डोस त्यांनी स्वतः पाहून कमी केला, आणि ती लाल कॅप्सूल तशीच चालू ठेवली. अडीच महिन्यांत हे परत सकाळी दूध आणायला पायी जायला लागले. म्हणजे ज्या गोळीला हे शिव्या देत होते तिचा काही दोषच नव्हता.

टेस्ट कोणत्या, तर डॉक्टर ठरवतील, पण थायरॉइडची टीएसएच झालेली नसेल तर आवर्जून विचारा. थायरॉइड मंद असलं की थकवा येतो, वजन वाढतं, आणि कोलेस्टेरॉलही त्यामुळेच वाढतं, वरून अशा माणसाला स्टॅटिनचा स्नायूंचा त्रासही जास्त होतो. कित्येकांचं मूळ दुखणं तेच असतं. बाकी हिमोग्लोबिन, बी ट्वेल्व्ह, डी थ्री, शुगर, क्रिएटिनिन, लिव्हरची, आणि स्नायूंसाठी सीपीके. सीपीकेच्या आधी दोन दिवस जोराचा व्यायाम नको, घराची दिवाळीसारखी सफाई नको, नाहीतर आकडा उगाच वाढून येतो आणि घाबरायला होतं. इंजेक्शन दंडात घेतलं असेल तर तेही सांगा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे मध्येच आलेलं दुसरं औषध. पावसाळ्यात गजकर्ण झालं की आपल्याकडे इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सर्रास देतात, छातीच्या इन्फेक्शनला क्लॅरिथ्रोमायसिन देतात, ही दोन्ही अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन शरीरात साठवून ठेवतात, म्हणजे गोळी तेवढीच पण असर जास्तीचा. त्वचेच्या डॉक्टरांना आपली कोलेस्टेरॉलची गोळी माहीत नसते, आपण सांगितलं तरच कळणार. मेडिकल स्टोअरमधून परस्पर घेतलं तर सांगायची ती संधीही नाही.

आणि हो, संत्री! नागपुरात हा प्रश्न दर हिवाळ्यात येतोच, की स्टॅटिन चालू असताना संत्री खायची नाही म्हणे. ते ग्रेपफ्रूट नावाच्या मोठ्या आंबट-कडू फळाबद्दल आहे, आपल्या संत्र्याबद्दल नाही. ग्रेपफ्रूटमध्ये आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडणारे पदार्थ असतात, पपनसातही असतात, पण आपलं नागपुरी संत्रं वेगळ्या जातीचं आहे, त्याचा हा त्रास नाही. शुगर असेल तर रस काढून पिण्यापेक्षा फोडी खा, एवढंच.

माझं काय झालं ते सांगते. माझी थायरॉइड ठीक, बी ट्वेल्व्ह ठीक, डी थोडं कमी, सीपीके थोडं वाढलेलं पण भीतीचं नाही. डॉक्टरांनी वही पूर्ण पाहिली, पानं उलटून. म्हणाले, "ताई, गोळी आपल्या मनानं सोडली नाही हे फार चांगलं केलं. आता मी सांगतो म्हणून तीन आठवडे बंद ठेवा, वही मात्र चालू." तुमची अँजिओप्लास्टी, अटॅक, पॅरालिसिस असं काही झालेलं असेल तर हे तीन आठवडेही डॉक्टर देतील की नाही ते त्यांच्यावर, माझं तसं काही नव्हतं म्हणून दिले. दहाव्या दिवसापासून फरक दिसला, तिसऱ्या रविवारी खुर्चीची परीक्षा १४ सेकंदात, हात न लावता. मग त्यांनी तीच गोळी परत दिली, मला आवडलं नाही खरं तर, पण त्यांनी समजावलं की बंद केल्यावर बरं वाटणं हा अर्धाच पुरावा आहे, परत सुरू केल्यावर परत तसंच झालं तर पक्कं. अठराव्या दिवशी मांड्या परत जड. १९ सेकंद. माझ्या बाबतीत गोळीचंच होतं.

इथून पुढे काय करायचं हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं एक तर सहन करा नाहीतर सोडा. रस्ते पाहा किती आहेत. डोस कमी करता येतो, आणि यातली गंमत अशी की स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एलडीएल जास्तीचं फक्त ६ टक्क्यांच्या आसपासच उतरतं, म्हणजे ४० ची २० केली तर फार काही गमावत नाही, त्रास मात्र कमी होऊ शकतो. स्टॅटिन बदलता येते, एकीनं त्रास झाला म्हणजे दुसरीनं होईलच असं नाही. रोसुव्हास्टॅटिन शरीरात जास्त वेळ टिकते म्हणून काहींना ती एक दिवसाआड देतात. सोबत एझेटिमाइब देता येतं, ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषूच देत नाही आणि एलडीएल अजून २० टक्क्यांच्या आसपास खाली आणतं. बेम्पेडोइक अ‍ॅसिड नावाची गोळी आली आहे जी लिव्हरमध्ये गेल्यावरच चालू होते, स्नायूंमध्ये नाही. स्टॅटिन न झेपणाऱ्या जवळपास १४ हजार लोकांवरच्या अभ्यासात, २०२३ मध्ये तो छापून आला, अटॅकसारख्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या. युरिक अ‍ॅसिड वाढवते ती, गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा त्रास, असेल तर आधी सांगा. इंजेक्शनं पण आहेत, महाग आहेत. मला रोसुव्हास्टॅटिन ५ आणि एझेटिमाइब १० दिली.

आणि गोळी सोडूनच का नाही द्यायची, तर एलडीएल ३९ आकड्यांनी कमी झालं की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटनांचा धोका साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होतो, हे दीड लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. गोळी सोडली की काही आठवड्यांतच एलडीएल जिथून आलं तिथे परत. आपल्या कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये सांगितलंय की साधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली, शुगर-बीपीसारखा धोका जास्त असेल त्यांचं ७० च्या खाली, आणि अटॅक वगैरे होऊन गेलेल्यांचं ५५ च्या खाली हवं. आपला आकडा कोणत्या रकान्यात हवा हे डॉक्टरांना सरळ विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. थकवा आला त्या दिवशी तो आकडा वाचायचा.

गोळीची वेळ बदलून पाहायला हरकत नाही. सिम्व्हास्टॅटिन रात्रीच घ्यायची कारण ती लवकर उतरते, पण अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन कधीही चालते, फक्त रोज त्याच वेळी. मी रात्री जेवणानंतर घेते, डब्यात आठवड्याचे सात खण, मंगळवारचा खण भरलेला दिसला की कळतं विसरले.

चालणं थांबवू नका. थकवा आहे म्हणून पडून राहिलं की मांड्या अजून सुटतात आणि मग खरंच कळत नाही गोळीमुळे की पडून राहिल्यामुळे. पण नागपूरचा मे महिना हा मे महिना आहे बाप्पा, पारा ४५ च्या वर जातो, घामानं मीठ-पाणी गेलं की पोटऱ्यांत गोळे येणार, गोळीचा काही संबंध नसताना येणार. साडेपाचला निघून साडेसहाच्या आत घरी, आल्यावर पन्हं नाहीतर ताक, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ किती ते विचारून. थकव्याची परीक्षा शक्यतो मे महिन्यात घेऊच नका, हिवाळ्यात किंवा पाऊस पडल्यावर घ्या, नाहीतर उन्हाचा हिशेब गोळीच्या नावावर चढतो. खाण्याचं काय ते सगळ्यांना माहीत आहे, तर्री पोह्याची वरची तर्री आणि सावजीचा तेलाचा थर रोज नाही, एवढ्यावर मी थांबते.

नवी गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल परत करून घ्यायचं, ते चुकवू नका, कारण अंग हलकं वाटलं म्हणजे काम झालं असं नसतं, आकडाही उतरला पाहिजे. माझं एलडीएल १७१ होतं, आठ आठवड्यांनी ८२ आलं. खुर्ची १३ सेकंद. वही अजून फ्रिजजवळच आहे, आता फक्त रविवारी लिहिते, आणि बाजूच्या पानावर यांचे सेकंद.